जुना फ्लॅश, नवा कॅमेरा

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम सुरू असताना शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटातून एक पुठ्ठ्याचे खोके निघाले. त्यात पिवळ्या पडलेल्या पाकिटांतील निगेटिव्ह होत्या आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक काळा, वजनदार फ्लॅश होता. १९८० च्या दशकातील आमचे वर्गवार गटफोटो, स्नेहसंमेलनातील नाटके आणि रात्रीच्या अभिवादन सभा याच फ्लॅशच्या उजेडात टिपल्या गेल्या होत्या. वसतिगृहात राहिलेल्या आमच्यापैकी अनेकांच्या घरी त्या काळी कॅमेरा नव्हता. आपण लहानपणी कसे दिसत होतो, याचा एकमेव पुरावा म्हणजे त्या पाकिटांतील एखादी चौकट.

त्याच टेबलावर एका माजी तुकडीने शाळेला भेट दिलेला डिजिटल एसएलआर कॅमेरा ठेवलेला होता. दहावीतील एका विद्यार्थिनीने फ्लॅश हातात घेतला, कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेशी ताडून पाहिला आणि विचारले, "काका, हा यावर बसतो. लावू का?" मी जवळजवळ ओरडूनच तिला थांबवले.

त्या ओरडण्याला कारण होते. सुमारे १५ वर्षांपूर्वी एका मित्राचा नवा कॅमेरा मागून घेऊन मी एका लग्नाला गेलो होतो आणि त्यावर माझा जुना फ्लॅश चढवला होता. पहिले काही फोटो उत्तम आले. मग फ्लॅश पडेनासा झाला. सेल बदलले, फ्लॅश बदलला, तरीही काही उपयोग होईना. कॅमेरा बाकी सर्व कामे करीत होता, पण फ्लॅशला संदेश देणारा त्याचा भाग कायमचा निकामी झाला होता. दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि फ्लॅशचाही नव्हता. दोघांना जोडण्यापूर्वी जे एक मोजमाप करायला हवे होते, ते मी केले नव्हते.

शाळेच्या कपाटात जसा फ्लॅश सापडला, तसे अनेक घरांच्या माळ्यांवर आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या फडताळांत आजही पडून आहेत. ते भंगारात देण्याची गरज नाही आणि तपासल्याविना वापरण्याचीही घाई नको. यासाठी काय समजून घ्यावे लागते, ते येथे क्रमाने मांडत आहे.

उजेड तोच आहे

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात वायूने भरलेल्या नळीतून क्षणार्धात प्रखर प्रकाश पाडण्याचे तंत्र विकसित केले. आजचा प्रत्येक इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याच तत्त्वावर चालतो. फ्लॅशमधील सेलचा दाब जेमतेम ६ व्होल्ट असतो. आतील मंडल तो वाढवून ३०० व्होल्टच्या आसपास नेते आणि ती ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवते. फ्लॅश चालू करताच ऐकू येणारी बारीक शिट्टी या कामाचीच असते. कॅमेऱ्याने संदेश देताच एक लहान कॉइल काही हजार व्होल्टचा झटका देते, काचेच्या नळीतील झेनॉन वायू विद्युतवाहक बनतो आणि साठवलेली ऊर्जा सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात प्रकाशरूपाने बाहेर पडते.

या प्रकाशाचा रंग दिवसाच्या उन्हाच्या जवळचा असतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅशचा प्रकाश आणि आजच्या महागड्या फ्लॅशचा प्रकाश यांत छायाचित्राच्या दृष्टीने फारसा भेद नाही. बदलली आहे ती कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यातील संवादाची रीत. अडचणी उद्भवतात त्या तेथेच, आणि त्यांतील सर्वांत गंभीर अडचण व्होल्टेजची आहे.

पहिला प्रश्न : व्होल्टेज

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक गोल धातूचा बिंदू असतो आणि कडेच्या पट्ट्या दुसऱ्या टोकाचे काम करतात. शटर पूर्ण उघडले की कॅमेरा ही दोन टोके जोडतो आणि फ्लॅश पडतो. म्हणजे फ्लॅशच्या दृष्टीने कॅमेरा हे केवळ एक बटण आहे. हे बटण उघडे असताना त्याच्या दोन टोकांमध्ये जो विद्युतदाब असतो, त्याला ट्रिगर व्होल्टेज म्हणतात.

जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांत हे बटण म्हणजे धातूचे दोन तुकडे होते. त्यांना २०० व्होल्ट काय आणि १० व्होल्ट काय, दोन्ही सारखेच. त्यामुळे फ्लॅश बनवणाऱ्यांनीही हा दाब कमी ठेवण्याची तसदी घेतली नव्हती. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच आला. त्याला जास्त दाब सोसत नाही. कधी तो पहिल्याच झटक्याला जळतो, तर कधी माझ्या बाबतीत झाले तसे काही फोटोंनंतर मान टाकतो.

किती दाब सुरक्षित मानावा? आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकात २४ व्होल्टची मर्यादा धरलेली आहे. प्रत्यक्षात कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार फरक पडतो. निकॉनच्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत २५० व्होल्टपेक्षा जास्त किंवा ऋण दाब देऊ नये, अशी सूचना असते. कॅननच्या सुरुवातीच्या काही ईओएस कॅमेऱ्यांसाठी केवळ ६ व्होल्टची मर्यादा सांगितली जात असे. नंतरच्या अनेक मॉडेलांत ती बरीच वाढली. म्हणून 'अमुक कंपनीचा कॅमेरा आहे, चालेल' असे ढोबळ उत्तर कोणी दिले तर ते स्वीकारू नये. आपल्याच मॉडेलची पुस्तिका पाहावी.

फ्लॅशच्या बाबतीतही केवळ नावावरून निर्णय करता येत नाही. व्हिविटार २८३ हा १९७० च्या दशकात आलेला आणि जगभर खपलेला फ्लॅश याचे बोलके उदाहरण आहे. त्याच्या सुरुवातीच्या जपानी बनावटीच्या नगांत २०० व्होल्टहून अधिक ट्रिगर व्होल्टेज आढळते, तर नंतरच्या काळात इतरत्र बनलेल्या अनेक नगांत ते १० व्होल्टच्या आसपास असते. नाव तेच, रूप तेच आणि आत मात्र एवढा फरक. म्हणून हातातील नग मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मोजणी अवघड नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही डिजिटल मल्टिमीटर असतो. फ्लॅशमध्ये ताजे सेल घालावेत. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, कोरड्या लाकडी टेबलावर ठेवावा आणि चालू करावा. तयारीचा दिवा लागल्यावर आणखी एखादे मिनिट थांबावे, कारण त्यानंतरही दाब थोडा चढत असतो. मल्टिमीटर डीसीच्या ५०० व्होल्ट किंवा त्याहून वरच्या मापावर ठेवून लाल टोक फ्लॅशच्या पायातील मधल्या बिंदूला आणि काळे टोक कडेच्या धातूच्या भागाला लावावे. टोके धरताना बोटे धातूला लागू देऊ नयेत आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. आकडा लिहून घ्यावा, एकदा फ्लॅश मारून पुन्हा मोजावा आणि दोहोंतील मोठा आकडा खरा मानावा. जुने काट्याचे मीटर वापरू नये; ते स्वतःच विद्युतप्रवाह ओढून घेते आणि खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते.

आकडा ६ व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहावे. ६ ते २४ व्होल्टच्या दरम्यान असेल तर बहुतेक आधुनिक कॅमेऱ्यांना चालतो, तरी पुस्तिका पाहावी. २४ ते २५० व्होल्टच्या दरम्यान असेल तर पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याशिवाय फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवू नये. २५० व्होल्टच्या वर असेल किंवा आकड्यामागे उणे चिन्ह दिसले तर तो कोणत्याही डिजिटल कॅमेऱ्याला थेट जोडू नये.

दुसरा प्रश्न : बिंदू जुळतात का?

हॉट शूच्या खाचेचे माप जवळजवळ सर्वत्र सारखे असते. मधला बिंदूही सामाईक असतो. त्याच्या भोवतीचे लहान बिंदू मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे असतात आणि त्यांची कामेही निराळी असतात. एका कंपनीसाठी खास बनवलेला फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सरकवला तर नको ते बिंदू एकमेकांना टेकण्याचा संभव असतो. केवळ मधला एकच बिंदू असलेला साधा फ्लॅश या बाबतीत सर्वांत निर्धोक असतो.

काही ठिकाणी खाचच जुळत नाही. मिनोल्टाने १९८८ पासून वेगळ्या घडणीची खाच वापरली, सोनीने ती पुढे चालवली आणि २०१२ पासून पुन्हा सर्वसामान्य घडणीला जुळणारी खाच आणली. मधल्या काळातील कॅमेऱ्यांना जोडतुकडा लागतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी कॅमेरा खरेदी करताना ध्यानात ठेवावी. कॅननचे ईओएस १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू हे आपल्याकडे सहज आढळणारे कॅमेरे आहेत. परंतु त्यांच्या हॉट शूमध्ये मधला बिंदूच ठेवलेला नाही. त्यांवर जुना फ्लॅश चढवला तर कॅमेऱ्याचे नुकसान होणार नाही, पण फ्लॅशही पडणार नाही. असा कॅमेरा घरात असेल तर जुना फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून वापरण्याची रीत अवलंबावी लागते. ती पुढे सांगितली आहे.

तिसरा प्रश्न : उजेड कोण मोजणार?

फिल्मच्या काळातील चांगल्या कॅमेऱ्यांत टीटीएल नावाची सोय होती. शटर उघडे असताना फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश कॅमेऱ्यातील एक डोळा मोजत असे आणि पुरेसा प्रकाश मिळताच फ्लॅशला थांबवत असे. ऑलिंपसच्या १९७५ च्या ओएम-२ या कॅमेऱ्याने ही पद्धत आणली आणि पुढे ती सर्वत्र पसरली.

डिजिटल सेन्सरचा पृष्ठभाग फिल्मप्रमाणे प्रकाश परतवत नाही. म्हणून नव्या कॅमेऱ्यांनी दुसरी युक्ती योजली. मुख्य फ्लॅशच्या आधी एक क्षीण फ्लॅश पाडायचा, त्यावरून हिशेब करायचा आणि मग योग्य तेवढा प्रकाश टाकायचा. ही भाषा जुन्या फ्लॅशना येत नाही. त्यामुळे जुन्या फ्लॅशवर 'टीटीएल' असे लिहिलेले असले तरी नव्या कॅमेऱ्यावर त्या बटणाचा उपयोग नाही. अगदी त्याच कंपनीचा फ्लॅश असला तरीही हेच लागू आहे. निकॉनचा एसबी-२८ हा त्याच्या काळातील उत्तम फ्लॅश. डिजिटल कॅमेऱ्यावर त्याची टीटीएल चालत नाही, पण त्याच्या इतर दोन रीती उत्तम चालतात.

त्यांतील एक रीत 'ऑटो' ही आहे. अशा फ्लॅशच्या पुढच्या बाजूला स्वतःचा एक लहान डोळा असतो. समोरच्या माणसावरून परत येणारा प्रकाश तो स्वतः मोजतो आणि पुरेसा झाला की नळी बंद करतो. यात कॅमेऱ्याचा संबंधच येत नाही, म्हणून कॅमेरा कितीही नवा असला तरी फरक पडत नाही. फ्लॅशवरील तबकडीवर आयएसओ लावावा (जुन्या फ्लॅशवर तो एएसए असा लिहिलेला असतो), तबकडी जे अपर्चर सांगेल तेच कॅमेऱ्यावर लावावे आणि फोटो काढावा. समारंभाच्या धावपळीत मला ही रीत आजही विश्वासाची वाटते.

दुसरी रीत 'मॅन्युअल' होय. तीत फ्लॅश प्रत्येक वेळी ठरावीक प्रकाश टाकतो आणि हिशेब आपण करायचा असतो. त्यासाठी गाइड नंबर उपयोगी पडतो. आयएसओ १०० असताना गाइड नंबर भागिले मीटरमधील अंतर, म्हणजे अपर्चर. व्हिविटार २८३ चा गाइड नंबर ३६ आहे. माणूस साडेचार मीटरवर उभा असेल तर ३६ भागिले ४.५ म्हणजे ८. अपर्चर एफ/८ ठेवावे. आयएसओ ४०० केला की गाइड नंबर दुप्पट होतो, आणि फ्लॅशची शक्ती एक चतुर्थांश केली की तो निम्मा होतो. जुन्या फ्लॅशवर हा आकडा पुष्कळदा फुटांत दिलेला असतो. तेव्हा अंतरही फुटांतच मोजावे. पूर्वी हा हिशेब चुकला तर रोल धुऊन येईपर्यंत कळत नसे. आता एक फोटो काढून पडद्यावर पाहता येतो आणि अपर्चर पुढे-मागे करता येते. खरे तर जुन्या फ्लॅशला डिजिटल कॅमेऱ्याइतका सोयीचा सोबती पूर्वी कधीच मिळाला नव्हता.

कॅमेरा कसा लावावा?

कॅमेरा 'एम' वर ठेवावा, आयएसओ आपोआप बदलणार नाही असे पाहावे आणि व्हाइट बॅलन्स फ्लॅशचा निवडावा. आपल्या माथ्यावर फ्लॅश बसला आहे, हे कॅमेऱ्याला कळत नाही. तो 'प्रकाश अपुरा आहे' असे दाखवत राहील. तिकडे दुर्लक्ष करावे.

शटरचा वेग १/१२५ किंवा १/२०० ठेवावा. डिजिटल एसएलआरमध्ये दोन पडदे एकामागून एक सरकतात. एका ठरावीक वेगापर्यंतच, बहुधा १/२०० किंवा १/२५० पर्यंत, संपूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा असतो. त्याहून वेगवान शटर ठेवले तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. कंपनीचा नवा फ्लॅश लावला की कॅमेरा स्वतःच या वेगावर थांबतो. जुना फ्लॅश असताना ही काळजी आपणच घ्यायची असते.

पडद्याकडे पाहत, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो काढताना काही कॅमेऱ्यांत इतर कंपनीचा फ्लॅश पडत नाही. तसे झाले तर फ्लॅश बिघडला असे समजू नये. शांत शटरची सोय बंद करून किंवा डोळा लावून फोटो काढून पाहावा. फोटोच्या कोपऱ्यांत अंधार येत असेल तर झूम थोडे पुढे न्यावे. अनेक जुन्या फ्लॅशचा प्रकाश फिल्मच्या ३५ मिमी लेन्सला पुरेल एवढाच पसरतो. आजच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याची बरोबरी साधारण २४ मिमीशी होते.

दाब जास्त निघाला तर?

मोजणीत दाब जास्त आढळला तरी फ्लॅश वाया गेला, असे नाही. दाब कमी करून कॅमेऱ्यापर्यंत पोचवणारे सेफ-सिंकसारखे जोडतुकडे मिळतात. रेडिओ ट्रिगरने फ्लॅश दुरूनही चालवता येतो; मात्र रिसीव्हरलाही दाबाची मर्यादा असते आणि स्वस्त रिसीव्हरची मर्यादा बरीच कमी असू शकते, म्हणून ती आधी पाहावी. तिसरा मार्ग ऑप्टिकल स्लेव्हचा. दुसरा फ्लॅश पडलेला दिसताच तो आपल्या फ्लॅशला पाडतो. येथे अडचण एवढीच, की कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशचा तो आधीचा क्षीण फ्लॅश पाहूनच साधा स्लेव्ह फसतो आणि आपला फ्लॅश मुख्य क्षणापूर्वी पडून जातो. कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवता येत असेल तर तसा ठेवावा, नाही तर आधीचा फ्लॅश वगळणारा स्लेव्ह घ्यावा.

निगा

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर सुस्तावलेला असतो. ताजे सेल घालून फ्लॅश चालू करावा, दिवा लागल्यावर न मारता काही मिनिटे तसाच ठेवावा, बंद करावा आणि असे दोन-तीनदा करावे. त्यानंतर कमी शक्तीवर काही वेळा मारावा. दिवा लागायला फारच वेळ लागत असेल, जळका वास येत असेल किंवा फ्लॅशचे अंग तापत असेल तर त्याचा नाद सोडावा. सेलच्या कप्प्यात अल्कलाइन सेलमधून झिरपलेला पांढरा थर दिसला तर व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाने तो पुसावा आणि कप्पा पूर्ण वाळू द्यावा. वापर संपल्यावर सेल नेहमी बाहेर काढून ठेवावेत.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना विशेष बजावून सांगावी. फ्लॅशचे खोके कधीही उघडू नये. सेल काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टची ऊर्जा बराच काळ राहू शकते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो.

आपल्या सभागृहात

कपाटातील त्या फ्लॅशची मोजणी आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतच केली. विज्ञानाच्या सरांनी मल्टिमीटर आणला, ती विद्यार्थिनी आकडे लिहून घेत होती. मीटरवर १८० च्या वरचा आकडा दिसला तेव्हा तिने हळूच कॅमेरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. नंतर मर्यादा पाहून घेतलेल्या रेडिओ ट्रिगरवर तोच फ्लॅश सभागृहाच्या कोपऱ्यात उभा केला, त्याचे तोंड पांढऱ्या छताकडे वळवले आणि मुलामुलींचे फोटो काढले. छतावरून उतरलेला उजेड मऊ असतो. चेहऱ्यांवर चकाकी येत नाही आणि मागच्या रांगेतली मुलेही अंधारात राहत नाहीत. यात प्रकाश बराच घटतो, म्हणून आयएसओ वाढवावा लागतो एवढेच.

सायंकाळच्या वंदनेत मात्र फ्लॅश मारू नये. तेथे शांतता फोटोपेक्षा मोलाची आहे. ६ डिसेंबरच्या रात्री मेणबत्त्या घेऊन निघणाऱ्या अभिवादन फेरीत फ्लॅश पूर्ण शक्तीवर मारला तर ज्योतींचा उजेड पुसला जातो. तेव्हा शक्ती १/१६ वर आणावी, शटर १/१५ पर्यंत मंद करावे आणि फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी पारदर्शक कागद लावावा, म्हणजे चेहरेही दिसतात आणि ज्योतही राहते.

शाळेत आता दरवर्षी काही विद्यार्थ्यांनी हे काम शिकून घ्यावे, असे ठरले आहे. ज्यांच्या घरी जुने फ्लॅश पडून असतील, त्या माजी विद्यार्थ्यांनी ते पाठवावेत; मोजणी करून, आकडा चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी फ्लॅशलाच चिकटवून मगच ते वापरात घेतले जातील. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा आजच्या मुलांना स्वतःचे बालपण शोधण्यासाठी एकाच खोक्यावर अवलंबून राहावे लागू नये, एवढीच इच्छा आहे.